मूळ प्रत

४ मार्च

प्रिय वहिनी,

नमस्कार. मी बरी आहे. इकडची हवा कोरडी आहे, प्रयोगशाळेत काम भरपूर आहे, आणि माझ्या खोलीतला गळका नळ शेवटी दुरुस्त झाला. बाबांचे डोळे आहेत तसेच असतील असं धरते. दादाचा खोकला गेला का?

पत्रास कारण सॉफ्टवेअर.

घरी केलेल्या रेकॉर्डिंगमधल्या चुका दुरुस्त करायला कुठलं सॉफ्टवेअर घेऊ, असं तुम्ही फोनवर विचारलंत आणि मी "लिहून कळवते" म्हटलं. ते टाळण्यासाठी नव्हतं. अशा गोष्टी फोनवर सांगितल्या की ऐकणारा "हो, हो" म्हणतो आणि फोन ठेवला की सगळं विसरतो. लिहिलेलं समोर ठेवता येतं.

आधी परिस्थिती मांडते, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर तुम्हाला दुरुस्त करता येईल. बाबांना आता वाचता येत नाही. म्हणून मी वर्षभर दर आठवड्याला पुस्तकाचं एक प्रकरण वाचून, साफ करून त्यांना पाठवत आले आहे. सध्या दीपगृहाच्या रखवालदाराची ती जाडजूड कादंबरी चालू आहे. मध्यंतरी आमच्याकडे नव्या श्रवणयंत्रांच्या चाचण्या लागल्या आणि माझी दोन प्रकरणं राहिली. ती तुम्ही संध्याकाळी बाबांजवळ बसून वाचलीत आणि फोनवर रेकॉर्ड केलीत, म्हणजे दिवसा तुम्ही दोघं कामावर असताना त्यांना पुन्हा ऐकता येतील. दिवसा ऐकताना त्यांना तुमच्या चुका सापडल्या, त्या त्यांनी संध्याकाळी तुम्हाला सांगितल्या. आता ती वाक्यं पुन्हा वाचून रेकॉर्डिंगमध्ये जागच्या जागी बसवायची आहेत. आणि बाबा तुम्हाला म्हणतात की पुस्तक इथून पुढे तूच वाच.

हे शेवटचं वाक्य तुम्ही फार घाईने बोललात. बाबा मला तसं काही म्हणाले नाहीत. विसरले असतील.

तर सॉफ्टवेअर. तुमच्यापुढे तीन रस्ते आहेत.

एक फुकट मिळतं. उघडलं की एकच खिडकी आणि तिच्यात एक लांबच लांब खालीवर होणारी रेघ, म्हणजे तुमचा आवाज. नको असलेला तुकडा माउसने निवडायचा आणि काढून टाकायचा, हवा तो आत चिकटवायचा. रुपडं जुनाट आहे, पण फसवत नाही. उणीव एवढीच की सांधे नीट जुळवणं सर्वस्वी तुमच्या कानावर असतं.

दुसरं फोनमध्येच चालतं. शिकावं असं त्यात काही नाही, कारण ते काहीच विचारत नाही. तुमचा आवाज स्वतःच्या अकलेने "सुधारून" देतं. मी ते कुणालाही सुचवत नाही.

तिसरं आम्ही प्रयोगशाळेत वापरतो. ते भाड्याने मिळतं, महिन्याच्या बोलीवर. प्रत्येक दुरुस्ती वेगळ्या पट्टीवर ठेवता येते, मूळ आवाजाला धक्का लागत नाही, कितीही मागे जाऊन बदल करता येतात. शिकायला वेळ लागतो. घरच्या संगणकाची ताकद बेताची असेल तर तो अधूनमधून गोठेल. पण कामाला पहिल्यापासून योग्य वळण लागावं असं वाटत असेल, तर माझी शिफारस तिसऱ्याची आहे.

एक गोष्ट तुम्हाला माहीत नसेल, कारण तुम्ही घरात आलात तोवर बाबा निवृत्त झाले होते. ते छापखान्यात मुद्रितशोधक होते हे तुम्ही जाणता. पण ते काम घरी कसं चालायचं, ते तुम्ही पाहिलेलं नाही. घाईच्या दिवसांत ते प्रूफं घरी आणायचे, सोबत लेखकाच्या हातची मूळ प्रत. दोन माणसं लागायची. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, विरामचिन्हांसकट. दुसऱ्याने प्रूफावर पेन्सिल ठेवून ऐकायचं आणि छपाईतली चूक पकडायची. आधी त्यांनी दादाला बसवलं. तो खेळायला पळता यावं म्हणून ओळीच्या ओळी गाळायचा. मग मला बसवलं. "तो उठला पूर्णविराम खिडकीशी गेला स्वल्पविराम पण बाहेर पाहिलं नाही पूर्णविराम." जेवणाचं टेबल, वरचा पिवळा दिवा, त्यांची पेन्सिल आणि मी.

मूळ प्रत वाचणाऱ्याने चुकायचं नसतं. तो चुकला तर बरोबर असलेलं प्रूफही चुकीचं ठरतं. मी चुकत नसे. दादाला विचारा.

तेरावं प्रकरण मी या रविवारी वाचणार आहे, तेव्हा तुम्ही त्याला हात लावू नये. चाचण्या आता संपल्या आहेत. तुमच्यावर उगाच भार पडला, त्याबद्दल आभार.

बाबांना नमस्कार.

कळावं,
तुमची नणंद


२७ मार्च

प्रिय वहिनी,

नमस्कार. तुमची फाईल मिळाली. त्याआधी दादाचा फोनही मिळाला, म्हणजे तुम्हाला त्याच्याकडून कळलं असेलच. नसेल तर सांगते.

"काय गं कात्री," तो म्हणाला, "तुझ्या त्या सॉफ्टवेअरनं माझ्या बायकोला रडकुंडीला आणलंय. काल एक वाक्य बसवायला गेली, तर अख्खं प्रकरण गायब."

"गायब नाही होत. दुसऱ्या पट्टीवर गेलं असेल."

"पट्टी! नाकापेक्षा मोती जड झालाय आमच्याकडे. संगणक तापून पंखा असा घोंघावतो की बाबा विचारतात, विमानतळ शेजारी आला का."

"शिकायला वेळ लागतो, असं मी लिहिलं होतं."

"तू सगळंच लिहितेस बाई. उंटावर बसून."

त्याचा विनोद बाजूला ठेवते. माझ्या तेराव्यानंतर तुम्ही वाचलेलं चौदावं प्रकरण तसंच कच्चं पाठवलंत आणि सोबत लिहिलंत, "एकदा तुम्ही करून दाखवा, म्हणजे मला कळेल." मागणी रास्त आहे. शनिवारी प्रयोगशाळेच्या बंद खोलीत बसून मी ते साफ केलं. या पत्राबरोबर पाठवत आहे. काय काय काढलं ते सांगते, म्हणजे पुढे तुम्हाला करता येईल.

आधी पंखा, मग वॉशिंग मशीन. कपडे पिळले जात असताना वाचायला बसू नये. मग पानं उलटल्याचा आवाज. मग दाराची घंटा, आणि तुम्ही तुमच्या दातांच्या दवाखान्याच्या स्वागतकक्षात बोलता त्या सुरात म्हटलेलं "थोडं थांबा हं". दीपगृहावर असं कुणी म्हणत नाही.

त्यानंतर बाबा.

तुम्ही वाचत असताना बाबा शेजारी बसतात हे मला माहीत होतं. ते इतकं बोलतात हे माहीत नव्हतं. सुरुवातीलाच तुम्ही दोन वाक्यं एकात एक गुंफलीत, तेव्हा ते म्हणतात, "अगं, भूक लागली आहे का? स्वल्पविराम गिळलास." तुम्ही म्हणता, "छोटासाच तर होता, बाबा." ते म्हणतात, "छोटेच घशात अडकतात." मग दोघंही हसता. बराच वेळ हसता. मी ते निवडलं आणि काढलं.

पुढे रखवालदाराच्या बायकोचं बोलणं तुम्ही दाढ दुखणाऱ्या पेशंटसारखं वाचलंत. बाबा म्हणतात, "हिची अक्कलदाढ काढा कुणीतरी," आणि तुम्हाला पुढे वाचवेना. तेही काढलं. एका ठिकाणी तुम्ही ओळच गाळलीत, आणि तुमच्या लक्षात येण्याआधी बाबांनी टेबलावर टकटक केलं. ती टकटक मी ओळखते. पेन्सिलीच्या मागच्या टोकाची आहे. त्यांच्या हातात आता पेन्सिल कशासाठी असते, ते मला कळलं नाही.

सगळं काढल्यावर प्रकरण जवळजवळ निम्मं झालं. आता ते स्वच्छ आहे. एकच आवाज आहे, तुमचा, आणि तो मुळात वाईट नाही.

तांत्रिक सूचना एकच. रेकॉर्डिंग करताना बाबांना दुसऱ्या खोलीत बसवता आलं तर बरं. त्यांची खुर्ची करकरते. करकर माणसाच्या आवाजाच्याच पट्ट्यात येते, त्यामुळे ती वेगळी काढणं अवघड जातं.

हे वाचून दादा काय म्हणेल ते मला ठाऊक आहे. खुर्चीला तेल घाला, असं म्हणेल. तसंही करता येईल.

तुम्ही आमच्या घरात आलात त्याला दोन वर्षं झाली. मी घर सोडलं त्याला पाच. बाबांशी माझं रविवारी फोनवर बोलणं होतं. ते हवापाण्याचं विचारतात, मी सांगते. मी तब्येतीचं विचारते, ते सांगतात. मग प्रकरण ऐकलंत का विचारलं की म्हणतात, "ऐकलं. छान. एकही चूक नाही." दर वेळी हेच. आणि वर्षभर दर रविवारी मी फोन ठेवून आनंदाने खोलीत दोन येरझाऱ्या घालत असे, हे तुम्हाला सांगायला हरकत नाही. बाबा कुणालाच असं म्हणत नसत. मोठमोठ्या लेखकांना त्यांनी असं म्हटलेलं नाही.

तुमच्या चौदाव्या प्रकरणात मी बारीक दुरुस्त्या सोडून मोजल्या तरी चुका पुष्कळ आहेत. मोजलेला आकडा लिहीत नाही.

पंधरावं मी वाचलं आहे. तेही याबरोबर येत आहे. बाबांना ते शांतपणे, एकट्याने आणि लक्ष देऊन ऐकायला सांगा. काही म्हणाले तर मला जरूर कळवा. अगदी लहानसं काही म्हणाले तरी.

माझ्याकडची आवृत्ती नवी आहे, घरची जुनी आहे, त्यामुळे पानांचे आकडे जुळणार नाहीत. त्याने बिघडत नाही.

दादाला सांगा, मी उंटावर नाही. तिसऱ्या मजल्यावर आहे.

तुमची नणंद


१५ एप्रिल

प्रिय वहिनी,

नमस्कार. आज हवापाणी राहू दे.

परवा दादाचा फोन आला तो तुम्हाला न सांगता केलेला होता, म्हणून त्याने काय सांगितलं ते आधी लिहिते. पहिली गोष्ट चौदाव्या प्रकरणाची. मी साफ केलेलं प्रकरण बाबांनी शेवटपर्यंत ऐकलं, हेडफोन काढून मांडीवर ठेवले, आणि म्हणाले, "झालं की हे काम. मग आता मी काय करू?" दादा म्हणाला, "झोपा जरा, बाबा." त्यावर ते म्हणाले, "झोप काय, येतच असते."

हे तुम्ही मला कळवलं नाहीत. मला वाईट वाटू नये म्हणून असेल. तुमच्या जागी मी असते तर कळवलं असतं, आणि शब्द न शब्द कळवला असता.

दुसरी गोष्ट सांगताना दादाला हसू आवरत नव्हतं. "अगं, म्हाताऱ्यानं प्रकाशकावर तोफ डागलीय! तुझ्या त्या पंधराव्या प्रकरणात, सूर्य मावळताना रखवालदार पूर्वेची खिडकी उघडून सूर्याकडे बघतो म्हणे. पूर्वेची! ऐकताक्षणी ताठ बसले. हिला पुस्तक काढायला लावलं. आपल्या पुस्तकात पश्चिमच आहे."

"मग?"

"मग काय. म्हणाले, नव्या आवृत्तीत छापखान्यानं घोळ घातलाय. हिला समोर बसवून पत्र सांगितलं प्रकाशकाला. काय झणझणीत भाषा! ‘आपल्याकडील मुद्रितशोधक सूर्याकडे पाठ करून बसतात काय?' पाकिटात घातलंय, पत्ता शोधतोय."

"मी चुकले असेन, असं कुणालाच वाटलं नाही?"

"ही म्हणाली तसं. वन्सं वाचताना चुकल्या नसतील ना, म्हणून. बाबा म्हणाले, ती? ती मूळ प्रत वाचते. ती चुकत नाही."

वहिनी, ते पत्र टाकू नका. नव्या आवृत्तीतही पश्चिमच आहे. छापखान्याने काही केलेलं नाही. पूर्व मी केली.

मुद्दाम केली. सरळ लिहायचं तर असं. तुमचं चौदावं प्रकरण साफ करताना मी बाबांचे आवाज एका वेगळ्या फाईलमध्ये ठेवले होते. टाकले नव्हते. ते मी सलग ऐकले. "स्वल्पविराम गिळलास", "मागे जा", "पुन्हा म्हण", "अशी कशी गं तू", टकटक, हसू. पाच वर्षांत ते माझ्याशी एकूण जितकं बोलले नसतील तितकं तुमच्या एका प्रकरणात बोलले होते. मग मी पंधरावं वाचायला बसले, आणि ते वाक्य आलं, आणि मी पश्चिमेच्या जागी पूर्व वाचली. ऐकून पाहिलं. सांधा कुठे दिसत नव्हता, कारण सांधा नव्हताच. तसंच पाठवलं. वाटलं, आता फोन वाजेल आणि ते म्हणतील, "काय गं, झोपेत वाचलंस का?"

रविवारी मीच फोन केला. "ऐकलं," ते म्हणाले. "छान. तुझ्या वाचण्यात एकही चूक नाही."

मी फोन ठेवला आणि माझा निष्कर्ष काढला. ते माझं ऐकतच नाहीत. लावून ठेवतात, आणि तुमची वाट बघतात. तो आठवडा मी तुमच्याबद्दल काय काय विचार केला, ते लिहीत नाही. "आयत्या बिळावर नागोबा" ही म्हण त्यातल्या त्यात सौम्य होती.

आता कळलं की त्यांनी ऐकलं होतं. इतकं नीट ऐकलं होतं की एका शब्दावर ताठ बसले. चूक पकडली, पुस्तक उघडायला लावलं, पत्र सांगितलं. फक्त चूक माझ्या नावावर लावली नाही. छापखाना चुकेल, प्रकाशक चुकेल, सूर्य चुकेल, पण ती नाही.

याला मी काय म्हणू? हा मान आहे, आणि तो मी स्वतः मिळवला आहे, त्याच टेबलापाशी, त्याच पिवळ्या दिव्याखाली. पण तुम्ही प्रूफ कधी पाहिलंय का? दोन्ही बाजूंच्या समासांत बाबांच्या खुणा, बाण, गोल, प्रश्नचिन्हं. एका प्रूफावर ते तासन् तास बसत. मूळ प्रतीला कुणी हात लावत नाही. ती एकदा वाचायची आणि टाचून ठेवायची. मी वर्षभर त्यांना एकेक टाचलेली प्रत पाठवत होते. श्वास काढून, अडखळणं काढून. त्यांना करण्यासारखं त्यात काही ठेवलं नव्हतं. तुम्ही समोर बसून चुकलात, आणि त्यांना काम मिळालं.

हे सगळं समजल्यावर हेवा जायला हवा होता. गेला नाही. उलट आता त्याला कारण आहे.

तुम्ही विचारलं होतंत त्याचं खरं उत्तर आता देते. फुकटचं घ्या. तिसऱ्याचं भाडं या महिन्यापासून बंद करा. माझ्या पहिल्या पत्रातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, मी परत वाचून पाहिलं. पण तुमच्या कामाला ते सॉफ्टवेअर लागत नाही, हे वाक्य मी लिहिलं नाही. तुम्ही कंटाळून सोडून द्याल, असं मला वाटलं होतं. वाटलं होतं म्हणजे हवं होतं.

आणि एक युक्ती, जी या धंद्यातला कुणीही पहिल्याच दिवशी शिकतो आणि जी मी तुम्हाला सांगितली नाही. वाचताना चूक झाली की थांबायचं नाही, रेकॉर्डिंग बंद करायचं नाही. एक टाळी वाजवायची, आणि ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचायचं. टाळीचा आवाज त्या रेघेवर उंच सुळक्यासारखा दिसतो. मग दुरुस्तीला बसलात की सगळं प्रकरण ऐकावं लागत नाही. सुळका शोधायचा, त्याच्या आधीचं वाक्य काढायचं, झालं. टाळी बाबांना वाजवू द्या. ते तुमच्या आधी चूक पकडतात. दुरुस्त्या झाल्या की त्यांना पुन्हा ऐकवा, दुसरं प्रूफ म्हणून. तिसरं निघालं तरी चालेल. त्यांना घाई नाही.

खुर्ची राहू द्या. तेलही घालू नका.

आता पुस्तक. उरलेली प्रकरणं तुम्ही वाचा. सोळाव्यापासून शेवटापर्यंत. हे मी मोठ्या मनाने देत नाही. रखवालदाराचं पुढे काय होतं ते मी वाचून ठेवलं आहे, कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा हे पेन्सिलीने लिहून ठेवलं आहे, आणि ते सगळं आता माझ्या कपाटात पडून राहील. दीपगृहाचा शेवट बाबा तुमच्या तोंडून ऐकतील, वॉशिंग मशीनसकट. मला त्याचा त्रास होणार आहे. तो व्हायचाच.

राहिली पूर्वेची गोष्ट. ती बाबांना सांगायलाच हवी, नाहीतर ते दुसऱ्या कुणा बिचाऱ्या मुद्रितशोधकाचा पाणउतारा करतील. फोनवर मला जमणार नाही. आम्ही हवापाण्यावर येऊन थांबू. म्हणून मी ते रेकॉर्ड करून पाठवायचं ठरवलं. बसले, बोलले, ऐकलं. मध्ये एके ठिकाणी आवाज फाटला होता, तो भाग काढला. एक लांब श्वास होता, तो काढला. शब्दाच्या आधी उगाच थांबले होते, ती जागा आवळली. पुन्हा ऐकलं तर रेल्वे स्टेशनवरची सूचना वाटली. गाडी पूर्वेऐवजी पश्चिमेला जाईल, प्रवाशांनी नोंद घ्यावी. दुसऱ्यांदा बसले, तेच झालं. माझा हात कापल्याशिवाय राहत नाही. दादाने ठेवलेलं कात्री हे नाव चुकीचं नाही.

बाबांना हे वाचता येत नाही. दादाला वाचायला सांगितलं तर तो अजूनही ओळी गाळेल. तेव्हा हे पत्र तुम्हीच त्यांना वाचून दाखवा. सगळं, अगदी पहिल्या ओळीपासून, तिसऱ्या सॉफ्टवेअरसकट, नागोबासकट. मला बाबांना जे आजवर सांगता आलं नाही ते तुमच्या आवाजात त्यांच्यापर्यंत जाईल, हे मला आवडलेलं नाही. पण मी पुष्कळ वेळा पडताळून पाहिलं, दुसरी वाट दिसत नाही. घाई करू नका. अडखळलात तर अडखळा, गिळलात तर ते थांबवतील. आणि हे पत्र मी एकदाच लिहिलं आहे, पुन्हा तपासलेलं नाही. यात माझ्या स्वतःच्या चुका असतील. त्या त्यांना पकडू द्या, आणि कुणाच्या आहेत असं त्यांनी विचारलं, तर माझं नाव सांगा.

तुमच्यावर जळणारी,
नणंद

(हेही वाचा. गाळू नका.)